भिंतीवरचा लुकलुकणारा दिवा

५ मार्च. संध्याकाळी स्वयंपाकघरातला तांब्या घासायला घेतला, तर सकाळी भरलेलं पाणी तसंच होतं.

"आई, दिवसभर पाणी प्यायला नाहीत?" मी सासूबाईंना विचारलं.

"उठलं की भिंतीवरचा तो दिवा लुकलुकतो आणि तुझ्या नवऱ्याच्या फोनवर निरोप जातो. त्याला ऑफिसात कशाला त्रास?"

त्या दिवसभर एकट्या असतात, म्हणून काळजीपोटीच त्याने तो हालचाल टिपणारा सेन्सर बसवला होता. पण कुणाचं लक्ष आहे म्हटलं की माणूस स्वतःच्या घरातही पाहुण्यासारखा बसून राहतो.

६ मार्च. सकाळी शेजारच्या वहिनींना दुपारी डोकावून जायला सांगितलं आणि सेन्सरमधले सेल काढायला स्टुलावर चढले.

"पडशील गं!" म्हणत आई स्टूल धरायला लगबगीने उठून आल्या. दिवा शेवटचा लुकलुकला.