हिवरखेडच्या पाटलांचा धुराचा डोंगर

कापसाच्या कोठीत रुई एका जागी कधी राहत नाही. मिशीत सापडते, पागोट्यात सापडते, वरणातही सापडते. किस्स्यांचंही तसंच. मी अकोल्याच्या एका कोठीत गोऱ्या साहेबाचा दुभाषी होतो. तेव्हाचे एवढे किस्से अंगाला चिकटलेत, की एक झटकायला जावं तर चार निघतात. दिवस तेजीचे होते. अमेरिकेत लढाई जुंपलेली, तिकडचा कापूस अडकलेला, आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडाची अचानक आठवण झालेली. पण आज कापसाचं नाही सांगत. साहेबाने ज्वालामुखी चढायचा बेत केला, त्याचं सांगतो.

०

सुरुवात केली सखाराम पाटलांनी. हिवरखेडचे पाटील, गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, वय साठीचं, शब्दाला वजन. एकदा त्यांच्या कापसाच्या गाड्या उशिरा पोचल्या. साहेबाने कारण विचारलं.

"बैल बुजले जी," पाटील म्हणाले. "आमच्या गावामागचा डोंगर धूर सोडून राहिला."

मी ते इंग्रजीत सांगितलं, तसा साहेब खुर्चीतून उठलाच. "धूर? शेंड्यावरून?"

"शेंड्यावरूनच. दर साली सोडते."

जिवंत ज्वालामुखीच्या तोंडाशी एकदा उभं राहायचं, हे साहेबाचं लहानपणापासूनचं स्वप्न. नोकरीने त्याला आणून टाकलं अकोल्यात, जिथे उंच म्हणावं तर कापसाचा ढीग. त्याने त्याच दिवशी ठरवून टाकलं, हा डोंगर चढायचाच.

०

कोठीतल्या लोकांना मी सांगितलं, साहेब ज्वालामुखीला जाणार. झालं. ज्वालामुखी म्हणजे देवी, एवढंच सगळ्यांना ठाऊक. गाड्यांचे मुकादम करीममियाँ म्हणाले, "वो तो पंजाब में है. साहब को किसी ने गलत पता बताया."

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ माणसं आंघोळ करून, नारळ घेऊन दारात हजर. साहेबाबरोबर दर्शनाला निघालेली. साहेब नारळांकडे पाहत राहिला. "हे कशाला?"

आता त्याला देवी कुठून समजावू? मी म्हणालो, "वाटेत तहान लागली तर."

साहेब खूश झाला. असली तयारीची माणसं आपण विलायतेतही पाहिली नाहीत, असं म्हणाला.

०

मग त्याने सगळ्यांना अंगणात बसवून नीट समजावलं. पृथ्वीच्या पोटात दगड वितळतो, वर येतो, वाहतो. तुमचा हा सारा मुलूख तसल्याच दगडाचा. त्याचाच भुगा होऊन ही काळी माती झाली.

पाटलांनी पायाखालची चिमूटभर माती उचलली, चोळून पाहिली.

"तरीच म्हनलं, चैतात पाय काहून पोयते," ते म्हणाले. "अजून पुरी थंडी झालीच नाही ते."

०

साहेबाने विचारलं, "वर कोण गेलंय? वाटाड्या पाहिजे."

पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "म्या गेल्तो. तीस वरसं झाले. पार तोंडापर्यंत."

साहेबाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. पाटील वाटाडे झाले.

०

साहेबाचा नियम होता, की चढताना सगळ्यांनी एकाच दोराने कमरेला बांधून घ्यायचं. एक पडला तर तिघे धरतील. त्याची प्रॅक्टिस कोठीच्या अंगणात. वर देवी नाही म्हटल्यावर नारळवाले गळाले होते, उरलो चौघे: पुढे पाटील, मग साहेब, मग करीममियाँ, शेवटी मी. गाठी साहेबाने स्वतः मारल्या, जहाजावर शिकलेल्या, घट्ट. आम्ही कापसाच्या ढिगावर दोनदा चढलो, दोनदा उतरलो.

तेवढ्यात दुपारच्या नमाजाची वेळ झाली. करीममियाँ म्हणाले, "खोलो." गाठी सुटेनात. साहेबाने खटपट केली, मीही केली. शेवटी करीममियाँ चटईकडे चालू लागले आणि त्यांच्यामागे आम्ही तिघे.

त्यांनी शांतपणे नमाज पढली. ते वाकले की आम्हीही वाकत होतो, दोर तेवढाच होता. साहेबाने हॅट काढून छातीशी धरली. पाटलांनी हात जोडले.

नंतर मी विचारलं, "पाटील, तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, देवा, दोरानं आनलं. समजून घे."

०

साहेबाने कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, की ज्वालामुखीतून दगड उडतात, तेव्हा डोक्यावर उशी बांधावी. कोठीत रुई मुबलक. त्याने चौघांसाठी जाड टोप्या शिवून घेतल्या, पहिल्या प्रतीची रुई ठासून भरलेल्या. बूट अमरावतीच्या मोच्याकडून आले, दुहेरी तळाचे.

पाटलांनी टोपी हातात फिरवून पाहिली. कोठीच्या दारावर पाटी होती, आत चिलीम ओढू नये. पाटलांनी पाटीकडे बोट केलं.

"साहेब, आगीत चाललो आपन. अन् डोक्यावर कापूस?"

साहेबाने पाटी वाचली, टोपी दाबून पाहिली. मग म्हणाला, "ओल्या करून घालू."

०

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही हिवरखेडला मुक्कामी होतो. पाटलांनी मला विहिरीपाशी बाजूला घेतलं. हातातली पोहऱ्याची दोरी सोडत नव्हते, नुसती पिळत होते.

"दुभाषीबुवा, तुमाले सांगतो. म्या डोंगर कधी चढलोच नाही. जवानीत एकडाव बोलून गेलो, गावानं मानलं. पोरीच्या सोयरिकीतबी ते सांगतलं होतं. आता नाही म्हनू तर तोंड कुठं दाखवू?"

मला हसू आलं नाही. उन्हातान्हात चार जीव डोंगरावर न्यायचे, आणि पुढे चालणाऱ्याला वाट ठाऊक नाही. मी पायथ्याच्या वस्तीवरून सोमा नावाच्या, डोंगरातल्या कोरकू जमातीच्या गड्याला हमाल म्हणून घेतलं. दोराबाहेर, पाटलांच्या मागोमाग त्याने चालायचं. उजवीकडे वळायचं असेल तर पाटलांच्या उजव्या खांद्याला बोट लावायचं, डावीकडे तर डाव्या.

चढताना साहेब मला दोनदा म्हणाला, "काय स्मरणशक्ती आहे या माणसाची."

०

दुपारपर्यंत धुराजवळ पोचलो. शेंड्याच्या सपाटीवर झाडं तोडून पसरलेली होती आणि धुमसत होती. कोरकूंनी शेतासाठी जाळलेला तुकडा. राखेच्या कडेला एक म्हातारी काठीने निखारे सारत होती. दगड वितळलेला नव्हता, तोंड नव्हतं.

साहेबाने टोपी काढली, तिच्यातून पाणी निथळत होतं. त्याने पाटलांना हळूच विचारलं, "तीस वर्षांपूर्वी हेच पाहिलं होतं?"

मी विचारलं. काय उत्तर द्यावं, तेही मला सुचवता आलं असतं. पाटील म्हणाले, "नाही जी. तवा म्या आलोच नोतो. आज पयल्यांदा आलो."

मी जसंच्या तसं सांगितलं. साहेब पाटलांकडे पाहत राहिला. मग त्याने खिशातून चाकू काढला, पाटलांच्या कमरेची गाठ कापली आणि त्यांना सावलीत बसवून आधी त्यांना पाणी दिलं.

म्हातारीने सोमाला विचारलं, ही माणसं कशाला आली? सोमाने सांगितलं, पेटलेला डोंगर पाहायला आली. ती आमच्या चौघांच्या टोप्यांकडे, बुटांकडे, दोराकडे पाहून कळवळली. काहीतरी लांबलचक बोलली. सोमाने ते मला सांगितलं, मी साहेबाला.

"ती म्हणते, एवढ्या लांबून आलात आणि आग निम्मी विझली. पुढच्या साली आधी निरोप धाडा. तुमच्यासाठी मोठी पेटवू."

साहेबाने वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि मला म्हणाला, "तिला विचार, किती दिवस आधी?"