कडीच्या आतल्या सुमनताई

समुपदेशनाच्या खोलीत शिरल्या की सुमनताई पहारेकऱ्याला सांगत, "भिया, बाहर से कुंडी लगा दो." देवासच्या बालसुधारगृहात मी नुकताच शिकवायला लागलो होतो, मला धसका बसे. आत चोरी-मारामारीत सापडलेली, दारूची नाहीतर पंक्चरचं सोल्युशन हुंगायची सवय लागलेली पोरं, आणि त्यांच्यात ही साठीला टेकलेली बाई एकटी. विचारलं तर म्हणाल्या, "अहो, दार उघडं असलं की पोरांचं बोलणं दाराकडेच पळतं. मीही अडकलेय म्हटल्यावर जरा माणसात येतात."

नशा का केलीस, असं त्या विचारत नसत. विचारत, "उसके पहले क्या हुआ था?" आणि उत्तर येईपर्यंत वाती वळत बसत.

उदयनगरकडचा कैलास मोटरसायकल चोरताना धरला गेला होता. सुटका जवळ आली तशी त्याची झोप उडाली. शेवटी म्हणाला, "ताईजी, म्हारे घर मती भेजो." त्याला घरी जायचंच नव्हतं. तिथे बाप मोहाची दारू गाळी, गिऱ्हाइकांचे गिलास भरायचं काम याचं. पहिला घोट तिथलाच. पण सुटका टाळणं कायद्यात बसत नव्हतं. ताईंनी ओळखीतून त्याला राजगढजवळच्या एका भोजनशाळेत, यात्रेकरूंच्या खानावळीत, कामाला लावलं.

दिवाळीनंतर निरोप आला, पोरगा पिऊन आला म्हणून काढलाय. मी ताईंबरोबर गेलो. राजगढच्या बसस्टँडवर तो मान खाली घालून बसला होता. ताई शेजारी बसल्या, नेहमीचंच विचारलं. तो सांगायला लागला. आईचा फोन आला होता. बापाने आता धाकट्या भावाला गिलास भरायला बसवलं होतं.

"मैं छूटा, तो वो फँस गया."

ताईंचा चेहरा पडला. मला हळूच म्हणाल्या, "एक पोर ओढून काढावं, तर त्या जागी दुसरं बसतं हो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं उदयनगरला गेलो. बाप भांडला नाही. दुसरा धंदा दाखवा, एवढंच म्हणाला. आम्ही निघालो, तेव्हा आईने धाकट्याचे कपडे पिशवीत कोंबले, त्याचा हात ताईंच्या हातात दिला आणि नवऱ्याकडे न बघता आत गेली.

धाकटा वसतिगृहात राहून शिकला. कैलास देवासला ट्रकच्या गॅरेजात लागला. गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या, तेव्हा दोघं भाऊ खांदा द्यायला आले होते. कैलास अजून अधूनमधून पितो. पूर्वी प्यायल्यावर तो ताईंना फोन करी. आता मला करतो.