आधी तळ बघून येऊ

बसलेला असला तरी त्याचा एक पाय चपलेत अर्धाच असायचा. मेसमध्ये भाताची वाट बघतानाही टाच हलत असायची. कुठलाही बेत सुचवला की उत्तर ठरलेलं, "आधी तळ बघून येऊ."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्याबरोबर सिनेमाला जायचं तर आधी थिएटर बघायला जावं लागतं. आमच्या मित्राचं घर इंदापूरजवळच्या शेळगावचं, पूर्वी मेंढ्या राखणारं. कळप हलायच्या आधी घरातला एक जण पुढे जाऊन तळ, म्हणजे मुक्कामाची जागा, तिथलं पाणी, चारा आणि शेतमालकाचं मन बघून यायचा. हे काम त्याच्या वडिलांचं. मेंढ्या विकल्या, शेती सुरू झाली, पोरगा पुण्याला डॉक्टर व्हायला आला, पण सवय काही मोडली नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. आम्ही इंटर्न होतो. नेमून दिलेल्या वॉर्डांत राबून झालं की शेवटी एक पंधरवडा आपल्या आवडीच्या विषयाला मिळायचा. बाकीचे सोपं काहीतरी निवडून अभ्यासाला वेळ काढत. आम्हा दोघांचा बेत मोठा होता. पुढे दोघांनी मिळून इंदापुरात दवाखाना काढायचा, म्हणून हा पंधरवडा तिकडेच घालवायचा. अडचण एकच होती आणि ती कोणीच बोलत नव्हतं. दोघांनाही सर्जन व्हायचं होतं.

मग काय, त्याच्या पायाला भिंगरीच लागली. सुट्टीला बारामतीला माझ्या घरी आला की मला स्कूटरवर घालून भिगवण, निमगाव केतकी, इंदापूर. डॉक्टरांना भेटायचं सोडून हा आधी नळ बघायचा, पेशंटचे नातेवाईक कुठे झोपतात ते बघायचा. माझा जीव कावून जायचा.

इंदापूरच्या एका छोट्या दवाखान्यात नर्सने आम्हाला नातेवाईकच समजून त्याच्या हातात सलाइनची बाटली दिली. मला हसू आवरेना. हा मुकाट्याने धरून उभा राहिला. बाटली ज्या बाईची होती, तिचं पोट फुगलं होतं. सर्जन तयार होते, पण भूल देणारे डॉक्टर बारामतीहून यायचे होते आणि वाटेतल्या दुसऱ्या दवाखान्यात अडकले होते. बाई सारखी विचारत होती, "आलं का डॉक्टर?"

"येत्यात, आत्या," हा म्हणायचा.

डॉक्टर आले, ऑपरेशन झालं, बाई वाचली. तोवर तो जागचा हलला नव्हता. परतताना रस्त्यात स्कूटर थांबवून म्हणाला, "कापाकापी तू कर. भूल मी देतो."

"तुला सर्जरी हवी होती ना?"

"हवी हाय की. पर आत्ता तळ बघितला न्हाईस का तू?"

तो पंधरवडा त्याने त्याच भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे काढला. मी एकदा भेटायला गेलो. तो पेशंटच्या उशाशी स्टुलावर बसला होता, बोटं हनुवटीखालच्या नाडीवर, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. इतक्या वर्षांत त्याला असा स्वस्थ मी पाहिला नव्हता.

पुढे तो भूलतज्ज्ञ झाला, मी सर्जन. इंदापुरातली जागा त्यानेच निवडली, नळाचं पाणी चाखून. पाया खणला आणि त्याला कावीळ झाली, कुठल्यातरी पेशंटची सुई टोचून झालेली. त्यातून तो उठला नाही. इथेही आधी तोच पुढे गेला, याचा मला अजून राग येतो.

आमच्या दवाखान्यात नातेवाईकांना झोपायला पडवी आहे, नळाला बारा महिने पाणी आहे. भूल द्यायला मात्र डॉक्टर बारामतीहूनच येतात. मी हात धुऊन उभा असतो. उशाशी स्टूल रिकामं असतं. पेशंट विचारतो, "आलं का डॉक्टर?"

"येत्यात," मी म्हणतो.