कामतबाईंची शेवटची बाटली

कामतबाई बाटल्यांच्या खोलीत शिरायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायच्या. चपला बाहेर, केस टोपीत. आम्हाला मात्र दारातच अडवायच्या. "बघा, पण काचेतून. माणसाच्या श्वासातसुद्धा बुरशी असते." मला राग यायचा. चौथी नापास असलो तरी कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या माथाडी टोळीचा मी मुकादम. माझा श्वास घाण?

पावणे एमआयडीसीतल्या एका गाळ्यात बाईंची कंपनी होती. केळीच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा बाटलीत वाढवायचा, एकाची हजार निरोगी रोपं करायची. त्यांची यंत्रं आमच्या टोळीनं उतरवली, तेव्हा बाईंनी स्वतः चहा दिला आणि तासभर सगळं समजावलं. मी शेअर घेतले. माझ्या शब्दावर टोळीनं घेतले.

मग दर रविवारी आमची फेरी.

"बाई, वाढलं का?"

"वाढतंय."

"मागल्या रविवारीबी हेच म्हणालात."

"पुढच्याही म्हणेन. मुकादम, पोटातलं पोर वाढलं का, ते बाहेर काढून बघता का तुम्ही?"

टोळी हसायची. माझ्यावर.

दोन वर्षं गेली. झाडं लावतो म्हणून पैसे गोळा करणारे पळाले, अशा बातम्या येऊ लागल्या. टोळीतला सदा नाक्यावर चारचौघांत म्हणाला, "मुकादम, तुमची बाई केळी वाढवतीया का आमाला शेंडी लावतीया?" ते मला फार लागलं.

खंडेनवमीला आम्ही माल ओढायच्या हुकांची पूजा करतो. म्हटलं, कंपनीत आपला हिस्सा आहे, तिथलीही झाली पाहिजे. बाई पुण्याला गेल्या होत्या. वॉचमननं 'मालकच की तुम्ही' म्हणत खोली उघडली. बाटल्यांना हळदकुंकू लावलं. सदा म्हणाला, "काचंला कुंकू लावून रोपाला काय पावणार?" मला पटलं. मी एकेक झाकण काढलं, आत तीर्थ शिंपडलं, अक्षता टाकल्या, झाकण पुन्हा घट्ट लावलं. फार बरं वाटलं.

आठवड्यात बाटल्या पांढऱ्या पडल्या. अक्षतांना केस फुटले.

शेअरवाल्यांची सभा झाली. वाशीचा एक पेन्शनर ओरडला, "हा निष्काळजीपणा कुणाचा?"

"माझा," बाई म्हणाल्या. "खोलीची किल्ली दुसऱ्याकडे ठेवायला नको होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. तोंडही उघडलं नाही.

कंपनी बुडाली. यंत्रं ट्रकवर चढवायला आमचीच टोळी. निघताना बाईंनी माझ्या हातात एक बाटली दिली. "मागच्या फळीवर होती. तुमच्या पूजेतून एवढीच सुटली. कामोठ्याला तुमच्या घरी खिडकीत ठेवा. उघडू नका. मातीत कधी लावायची ते मी कळवीन."

"बाई, त्या दिवशी..."

"राहू द्या, मुकादम."

त्या बेळगावला भावाकडे गेल्या. रोप वाढलं. मुळं तळाशी गोल गोल फिरू लागली, पानं झाकणाला टेकली. बायको म्हणायची, "अवो, काढा की त्येला, गुदमरतंय."

"बाईंनी अजून कळवलं नाही."

पत्र आलं ते भावाचं. बाई वारून चार महिने झाले होते. तोवर रोप पिवळं पडलं होतं. घरातले सगळे म्हणाले, आता तरी उघडा. मी कुणाचं ऐकलं नाही.

आत काळा गाळ उरलाय. बाटली खिडकीतच आहे. झाकण घट्ट आहे.