पाहणी होईपर्यंत

दफ्तरीने आयुष्यात एकही कागद सुटा राहू दिला नाही. चौतीस वर्षं तो सरकारी अभिलेख कार्यालयाच्या तळघरात फाइली शिवत होता. टोच्याने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवायचा, पाठीला कापड चिकटवायचं आणि वर सुवाच्य अक्षरात क्रमांक घालायचा. फाइलीत काय लिहिलंय ते त्याने क्वचितच वाचलं, पण एखादं पान कमी असलं तर हाताला लगेच कळायचं. त्याची एक पक्की समजूत होती: फाइल पूर्ण असली की काम होतंच, आणि अडलंच तर कुठेतरी एक कागद कमी पडलाय असं समजावं. अशी समजूत तळघरात काम केलेल्या माणसाचीच होऊ शकते. वरच्या मजल्यावर बसणाऱ्यांची तशी नसते.

निवृत्त झाल्यावरही गल्लीत सगळे त्याला दफ्तरीकाकाच म्हणत. घरात तो आणि त्याची मोठी बहीण, दोघंच. आईवडील गेले तेव्हा ताई अठरा वर्षांची होती आणि हा सहाचा. मोज्यांच्या कारखान्यात मशीनवर बसून तिने त्याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं, आणि या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न वगैरे राहून गेलं ते गेलंच. आता ती अठ्ठ्याहत्तरची. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पण कान तिखट आणि जीभ त्याहून. सहासष्ट वर्षांच्या भावाला ती चारचौघांत 'बाळ्या' म्हणून हाक मारायची आणि तोही निमूट 'ओ' द्यायचा.

गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर त्यांची खोली. एकुलती एक खिडकी, ती शेजारच्या मोकळ्या जागेकडे. जागा पालिकेची, आणि मोकळी फक्त कागदावर. फुटकी बेसिनं, भिजलेल्या गाद्या, पाडकामाचा राडारोडा, कोणाकोणाचं उष्टं, सगळं तिथे येऊन पडायचं. माशांमुळे खिडकी बारा महिने बंद. गल्लीत हातगाड्या आणि मोटारसायकली यांची रेटारेटी, तिथे न दिसणारी म्हातारी कुठे चालणार? ताईचं बाहेर पडणं म्हणजे भावाच्या दंडाला धरून दवाखान्यात जाऊन येणं. ती फारशी तक्रार करायची नाही. कधीतरी एवढंच म्हणायची, "बाळ्या, उन्हात बसून किती वर्षं झाली रे?" तो हिशेब करायला लागला की म्हणायची, "राहू दे, उगाच विचारलं."

साफसफाईला सुरुवात केली ती समोरच्या इस्त्रीवाल्याने. हा उंच, बडबड्या माणूस. कपडे न्यायला आलेल्या प्रत्येकाला त्याने गळ घातली, "रविवारी दोन तास द्या. पालिका येईल तेव्हा येईल, तोवर काय नाक धरून बसायचं?" गंमत म्हणजे लोक आले. पहिल्या रविवारी सातजण, चौथ्या रविवारी तीस. राडारोडा हातगाड्यांवर घालून पलीकडच्या पालिकेच्या डेपोत गेला. वरच्या मजल्यावरच्या गवंड्याने दोन दगडांवर एक फरशी टाकून तिथल्या एकुलत्या झाडाखाली बसायला केलं. एवढं सगळं झालं, पण आधीच्या घाणीचा एक फोटो काढून ठेवावा असं कोणाच्या मनातही आलं नाही. घाणीचा फोटो कोण काढतं?

ताई पहिल्यांदा बाहेर आली ती भावाचा दंड धरून. दारापासून फरशीपर्यंत एकोणीस पावलं, तिने ती मोठ्याने मोजली. बसल्यावर तोंड उन्हाकडे केलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. ताई गप्प आहे म्हटल्यावर इस्त्रीवाला घाबरून दुकान सोडून आला. "काय झालं हो ताई?" तर म्हणते, "तुझ्या दुकानातून जळल्याचा वास येतोय, जा आधी." तो पळाला, आणि खरंच कोणाच्या तरी सदऱ्यावर डाग पडला होता.

पुढचे पंचवीस-तीस दिवस ती रोज सकाळ-संध्याकाळ तिथे बसली. पावलांवरून माणसं ओळखायची. कोणाची सून फोनवर रडते, कोणाचा मुलगा परीक्षेला न जाता फिरतो, सगळं तिला ठाऊक. ती जेवायला लागली, रात्रीची झोपेची गोळी सुटली. दफ्तरीला वाटायचं, फक्त एक गोष्ट कमी आहे. दारापासून झाडापर्यंत धरायला कठडा असता तर तिला त्याच्या दंडाचीही गरज पडली नसती. मनात येईल तेव्हा उठून गेली असती.

त्याच सुमाराला पालिकेची समन्वयक बाई आली. रहिवाशांनी मंडळ करावं, आपली जागा सुधारावी, पालिका फरशी, बाकं, दिवे आणि मजूर देईल, अशी योजना निघाली होती आणि ती गल्लोगल्ली जाऊन समजावत होती. बाई खरोखर चांगली होती. तिच्या चपलेची टाच एका बाजूने पार झिजलेली होती, आणि ती प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घ्यायची. मंडळ झालं. इस्त्रीवाला अध्यक्ष, आणि अक्षर बघून दफ्तरी चिटणीस. त्याने आराखडा स्वतः काढला. दारापासून झाडापर्यंतचा कठडा लाल शाईने.

बाईने आराखडा पाहिला, मग जागा पाहिली आणि थोडी अडखळली.

"काका, एक अडचण आहे. योजना दुरवस्थेतल्या जागांसाठी आहे. तुमची जागा तर छान दिसतेय."

"आम्हीच साफ केली ना."

"ते मला कळतंय हो. अर्जात तसंच लिहा. फोटो नाहीत म्हणून वेळ लागेल, पण मी वरती बोलून बघते. असं झाल्याचं ऐकलंय मी. नाहीतर पुढच्या वर्षी देखभालीच्या कलमाखाली नक्की बसवू."

दफ्तरीने मान हलवली. पण घरी येऊन अर्ज पुढ्यात घेतला आणि 'सद्यस्थितीची छायाचित्रे' या ओळीशी त्याचा जीव अडकला. 'बोलून बघते' हा काही कागद नव्हता. 'बोलून बघतो' म्हणून गेलेल्यांच्या फाइली त्याने तळघरात वाळवी लागेपर्यंत पाहिल्या होत्या.

म्हणून मंडळाच्या सभेत त्याने वेगळंच सांगितलं. जागा स्वच्छ असेल तर अर्ज बसत नाही, म्हणाला. थोडा कचरा परत आणून टाकू, फोटो काढू, पाहणी झाली की उचलू. आठवड्याचं काम. बाईने दुसरी वाट दाखवली होती, ते त्याने सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्याच्या लेखी ती वाटच नव्हती.

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना?" इस्त्रीवाला म्हणाला. "लोकांनी कंबर मोडून साफ केलंय."

"कठडा हवा की नको? दिवा हवा की नको? मग आठ दिवस कळ काढा."

हसत-खिदळत झालं ते. डेपोतून दोन गाड्या राडारोडा परत आला, कोणी घरातली फाटकी गादी आणली. पहिली गाडी दफ्तरीने स्वतः उलटी केली. आपल्या बहिणीच्या बसायच्या फरशीवर त्याने गादी व्यवस्थित पसरली, फोटोत नीट दिसावी म्हणून. ताई खिडकीतून विचारत होती, "काय रे एवढा दंगा?" तो म्हणाला, "आठ दिवस आत बस ताई, मग तुला राजवाडा."

फोटो निघाले, फाइल गेली. पाहणी काही आली नाही.

आधी निरीक्षकाची बदली झाली. मग नवा निरीक्षक रुजू व्हायचा होता. मग निवडणूक लागली आणि निम्मी पालिका त्या कामाला गेली. समन्वयक बाईलाही दुसऱ्या भागात पाठवलं. कचऱ्याला मात्र बदली नव्हती. एका गादीशेजारी चार गाद्या आल्या. आजूबाजूच्या गल्ल्यांनी बघितलं, इथे परत टाकायला लागलेत, आणि त्यांनीही हात सैल सोडला. दोन महिन्यांत ढीग खिडकीच्या चौकटीला टेकला. खिडकी परत बंद झाली.

ताईने पहिले काही दिवस चेष्टा केली. "बाळ्या, तुझ्या राजवाड्याला वास फार येतो रे." मग चेष्टा थांबली. मग ती रोज सकाळी पाय खाली सोडून पलंगाच्या काठावर बसायची, तेही थांबलं.

चौथ्या महिन्यात इस्त्रीवाला दहा माणसं आणि गाड्या घेऊन आला. "पुरे झालं काका. योजना गेली खड्ड्यात. आम्ही उचलतोय."

दफ्तरी फावड्यासमोर जाऊन उभा राहिला. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस, पण त्या दिवशी त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "हात लावायचा नाही! आता उचललं आणि उद्या पाहणी आली तर फोटो खोटे ठरतील. सगळी फाइल बाद होईल. चार महिने पाण्यात जातील."

"आणि ताई?"

"तिच्याचसाठी चाललंय हे."

माणसं एकमेकांकडे बघत परत गेली. इस्त्रीवाल्याने रिकामी गाडी स्वतः ओढत नेली. दफ्तरी आत आला तेव्हा ताई बंद खिडकीकडे तोंड करून पडली होती. तिने सगळं ऐकलं असणार. तो पाणी द्यायला गेला तर म्हणाली, "नको. ठेव तिथे."

पाहणी आली सातव्या महिन्यात, दुपारी, कोणाला न कळवता. निरीक्षक तरुण होता, घाईत होता. नाकाला रुमाल लावून तो ढिगाभोवती फिरला, मोजपट्टी कुठून धरावी ते त्याला कळेना.

"अहो, हे उचलायचं तरी ना," तो वैतागून म्हणाला. "मला फक्त लांबी-रुंदी घ्यायची आहे. आता माप कसं घेऊ मी?"

दफ्तरी पुढे आला. "पण फोटो..."

"फोटो फाइलीत आहेत की. परत प्रत्यक्ष कचरा बघून मी काय करणार?"

तासाभरात इस्त्रीवाल्याने आणि गवंड्याने दोन्ही कडा मोकळ्या करून दिल्या. माप झालं, सही झाली. पुढच्या महिन्यात पालिकेचे मजूर आले, ढीग उचलला गेला, आणि खोटं कशाला बोलावं, काम त्यांनी उत्तम केलं. पायाला लागणार नाही अशी फरशी, तीन बाकं, एक दिवा, झाडाला गोल पार. आणि दारापासून झाडापर्यंत कठडा, ताईच्या हाताच्या उंचीचा, कडा घासून गुळगुळीत केलेला. लाल रेघेबरहुकूम.

ज्या दिवशी रंग वाळला त्या दिवशी दफ्तरीने ताईला उठवलं. तिने कठड्यावर हात ठेवला, चाचपला, "चांगला आहे" म्हणाली. एक पाऊल टाकलं. दुसऱ्याला गुडघे असे थरथरले की त्याने तिला कवेत धरून आत आणलं. डॉक्टर येऊन पाय दाबून गेले. आजार काही नाही, म्हणाले, आठ महिने पाय वापरलेच नाहीत, या वयात गेलेली ताकद परत येत नाही. इस्त्रीवाला म्हणाला, खुर्चीत बसवून मी उचलून नेतो रोज. ताईने हात जोडले. "नको रे. मला उचलून ठेवू नका कुठे."

उद्घाटनाच्या दिवशी समन्वयक बाई मुद्दाम आली, नव्या भागातून रजा टाकून. फीत कापून झाल्यावर ताईला भेटायला आत आली. पलंगाशी बसली, ताईचा हात हातात घेतला. इस्त्रीवाला दारात उभा होता, दफ्तरी बाईसाठी पाणी ओतत होता.

"फार उशीर झाला हो ताई," बाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी काकांना तेव्हाच म्हटलं होतं, आहे तशी स्वच्छच राहू दे, मी वरती बोलून बघते, नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्या कलमाखाली करू. दोन गल्ल्यांचं तसं झालंही. आता तर ते पुढचं वर्षही लागलं."

दारातून इस्त्रीवाला आत वळला. त्याने दफ्तरीकडे पाहिलं आणि बाहेर निघून गेला. बाईला कळलं की आपण काहीतरी भलतं बोलून बसलो. पाणी न पिताच ती उठली.

खोलीत दोघंच उरली. बाहेर कोणीतरी भाषण करत होतं, मंडळाच्या चिटणिसांचे विशेष आभार मानत होतं.

"बाळ्या," ताई म्हणाली, "बाई बोलून बघते म्हणाली होती?"

"हो."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

तो पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. सहा वर्षांचा असताना काही फुटलं की असाच उभा राहायचा.

"ते लेखी नव्हतं, ताई."

ताईच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तुला वाढवलं, ते कुठे लेखी होतं रे?"

बाहेर टाळ्या वाजल्या. बाईने न प्यायलेला पाण्याचा पेला दफ्तरीने उचलून ठेवला. ताईने त्याला परत कधी त्याबद्दल विचारलं नाही, आणि बाहेरच्या जागेबद्दलही नाही.