खासनीसांची गव्हाण

खासनीस साहेब मीटिंग नेमकी जेवणाच्या वेळेला ठेवायचे. टेबलाच्या मधोमध कबशाचं, म्हणजे अरबी मटणभाताचं, मोठं ताट, वर झाकण, आणि मसालेभाताचा वास खोलीभर. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय ते झाकण उघडायचं नाही. "भुकेला माणूस लवकर हो म्हणतो रे," असं ते मला डोळा मारून सांगायचे. सौदीतल्या अल-खोबरच्या ऑफिसात नाशिकचे आम्ही दोघेच. त्या नात्याचा मला कधी फायदा झाला नाही, झाला तो तापच.

मला हा माणूस आवडला नाही. आता ते कायमचे देशात परत गेलेत म्हणून त्यांच्याबद्दल गोड गोड लिहिणं मला जमणार नाही. दिसायला मात्र छाप पडेल असे. कडक इस्त्री, ताठ पाठ आणि लोण्यासारखा मऊ आवाज. रजेचा अर्ज ते हसत हसत खणात टाकायचे आणि विसरायचे. विचारलं तर म्हणायचे, "लगेच दिली की तुम्हाला किंमत राहत नाही."

त्यांचा खरा जीव शिकारीत. कंपनीच्या मालकाचा, म्हणजे आमच्या कफीलचा, वाळवंटात तारेच्या कुंपणातला मोठा मळा होता. आत पाळलेली हरणं. मालकाच्या पाहुण्यांसाठी शिकार जमवायचं काम साहेबांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पाहुणे यायच्या आधी काही दिवस चारा बंद करायचा आणि त्या सकाळी, पाहुणे बंदुका घेऊन बसायचे त्या आडोशासमोरच्या गव्हाणीत हिरवागार लसूणघास टाकायचा. खंगलेली हरणं धावत यायची, गव्हाणीत तोंड घालायची आणि बार व्हायचा. मी ते एकदाच पाहिलं आणि पाठ फिरवली. साहेब म्हणाले, "ह्यात नेमबाजी कसली? जनावर उपाशी हवं, बस्स. आपला वैरी एकच, पाऊस. पाऊस झाला की हरणाला माज येतो."

गेल्या हिवाळ्यात आईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मी रजा मागितली.

"शुक्रवारी मळ्यावर चल. पाहुणे खूश झाले की सही करतो," साहेब म्हणाले.

दुसऱ्या एका कंपनीने मला बोलावलं होतं. आईचं ऑपरेशन आटोपून मग रुजू व्हा, असंही म्हटलं होतं. पण बसलेली घडी मोडायची भीती वाटत होती, म्हणून मी उत्तर दिलं नव्हतं. मुकाट्याने शुक्रवारी गेलो.

त्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता. कुंपणाच्या आत जिकडेतिकडे पोपटी गवत उगवलं होतं. उजाडल्यापासून आम्ही आडोशाला बसून होतो. गव्हाणीत लसूणघास टाकला, वर खजूर टाकले, शेवटी गुळाचं पाणी शिंपडलं. हरणं लांब चरत होती. अंगाने भरली होती आणि एकही इकडे बघत नव्हतं. पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली, तसा साहेबांनी एक रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"जोशी, पलीकडून बडवत ये. यल्ला, चल लवकर!"

आईसाठी गेलो. इंजिनिअर माणूस, वाळूत डबा बडवत हरणांमागे फिरत होतो. लाज वाटत होती आणि संतापही येत होता. हरणं चार उड्या मारून बाजूला झाली आणि पुन्हा गवताला लागली. मला त्यांचा मनापासून हेवा वाटला. डबा तिथेच टाकला, फोन काढला आणि त्या दुसऱ्या कंपनीला होकार कळवला.

पाहुणे नाराज होऊन निघून गेले. परतीच्या वाटेवर गाडी चालवताना साहेबांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "रजेचं आता विसर. पुढच्या महिन्यात बघू."

"नको सर. मी नोकरी सोडतोय. आईकडे जातोय."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आवाजातलं लोणी गेलं होतं. "माज आलाय का तुला?"

"हो सर. पाऊस झालाय."

हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशी त्यांनी मला उतरवलं आणि निघून गेले. पंपाला लागून एक लहानसं हॉटेल होतं. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी कबसा मागवला. झाकलेलं ताट समोर आलं, तेव्हा झाकण मी स्वतःच्या हाताने उघडलं आणि पोटभर जेवलो.