दुरुस्तीला दोघांची संमती

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. मी तेव्हा संतपूर भागात फौजदार होतो. पेरणीनंतर ठाण्यात फोन आला: सोयाबीन उगवलं नाही, बियाण्याच्या दुकानापुढं जमाव जमलाय. शिपाई घेऊन निघणार, तोच दुकानाचे मालकच तक्रार घेऊन दारात. तीन भावांची भागीदारी. हे थोरले, अण्णा.

"बी तपासणाऱ्या पोरीनं पैसे खाऊन खराब माल पास केला, साहेब. संगणकात तिचंच नाव हाय. ब्लॉकचेन बसवलंय आम्ही, त्यातलं देवालाबी बदलता येत न्हाई!"

जमाव तिच्याच नावानं ओरडत होता. अटक झाली असती तर त्या मुलीला पुन्हा कुणी कामावर घेतलं नसतं. जबाबात ती एकच सांगत राहिली, "मी नापासच लिहिलं होतं, साहेब. खोटं कामून लिहू?"

मी कलबुर्गीहून प्रणाली बसवणारा अभियंता बोलावला. तो म्हणाला, ब्लॉकचेनमध्ये जुनी नोंद पुसली जात नाही. दुरुस्ती तिच्यापुढं कडीसारखी जोडली जाते. पडद्यावर फक्त शेवटची दिसते, तीही मूळ तपासणाऱ्याच्याच नावावर. त्यानं मागची कडी उघडली. मुलीचं नाव, 'नापास'. पुढच्या कडीत 'पास', त्याला अण्णांची आणि धाकट्या भावाची संमती. दुरुस्तीला किमान दोन भागीदारांच्या चाव्या लागत. चावी म्हणजे पेनड्राइव्हएवढी वस्तू.

पण दुरुस्तीच्या तारखेला धाकटा बिदरला दवाखान्यात भरती होता. मी त्याला विचारलं,

"मग तुमची चावी कुणी लावली?"

"अण्णानं. तिघांच्याबी त्यांच्याकडंच असत्यात."

"कामून?"

"वेगळी मागितली तर गाव म्हणंल, वाटणी झाली!"

मी कपाळावर हात मारला. एकट्यानं फेरफार करू नये म्हणून एवढा खर्च, आणि सगळ्या चाव्या एकाच खिशात! वर अण्णा अभियंत्यालाच दरडावत होते, "जुनं पुसलं कामून न्हाई? पैसे कशाचे घेतलास मग?"

हे बोलणं म्हणजे कबुलीच, पण पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. म्हणून साखळीतल्या नोंदींचा पंचनामा केला, गुन्हा अण्णांवर दाखल झाला.

मुलगी मात्र घरी जाईना. "पडद्यावर माझ्या नावावर अजून पासच दिसायलंय. ते आधी नीट करा."

मी अण्णांकडून तिन्ही चाव्या घेऊन पंचांसमोर टेबलावर ठेवल्या. मधल्यानं आपली उचलली. धाकट्यानं आधी अण्णांकडं बघितलं, मग त्यानंही उचलली. दोन्ही चाव्या लागल्या आणि पडद्यावर 'नापास' उमटलं.

त्या प्रकरणानंतर मी कागदावरच्या सह्या मोजणं सोडलं. सही करणाऱ्याला 'न्हाई' म्हणता येत होतं का, एवढंच विचारत राहिलो.